न उघडता मारलेला शिक्का

मी एक शिक्का. लाकडी मूठ, रबरी तोंड आणि त्या तोंडात जन्मभराचे दोनच शब्द : ‘दुरुस्त होईल’. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला करून घेतलं. पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर मारून त्यांनी मला बायकोला दाखवलं. “अक्षर बघ कसं ठसठशीत उठलंय!” मीही फुगलो.

मग हळूहळू माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. मिस्त्री मशीन उघडायच्या आधीच मला चिठ्ठीवर मारायचे. “आधीच नाही म्हटलं, की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं,” असं ते बायकोला सांगत. जमलं तर ठीक, नाहीतर “पार्ट मिळत नाहीये” म्हणत महिने काढायचे. फळीवर अशी नऊ मशिनं माझी चिठ्ठी गळ्यात बांधून बसली होती. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटे.

एकदा सकाळी कपडे शिवणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या. संशय तर त्यांच्या डोळ्यांतून नुसता सांडत होता. घरूनच त्यांनी मशीनच्या एकेका सुट्या भागावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन आणला होता.

“बारा आहेत. बाराच परत न्यायचेत,” त्यांनी बजावलं.

मिस्त्री हसले आणि त्यांनी मला उचललं. बाईंनी चिठ्ठीवर हात ठेवला.

“उघडून बघितलंत?”

“अहो ताई, तीस वर्षं हेच करतोय. आवाजावरून कळतं.”

“डॉक्टरांनाही असंच कळलं होतं. माझ्या नवऱ्याची वाचा गेलीय. कागदातून मानही वर न करता म्हणाले, होईल बरं. आठ महिने झाले. पाणी हवं असलं तरी हे भिंतीवर हात आपटतात.”

मिस्त्रींनी मला खाली ठेवलं आणि पेचकस घेतला. बाई स्टूल ओढून समोर बसल्या. मशीन सुटं झालं. मिस्त्रींनी आत बॅटरी मारली, पुन्हा मारली. बिडाच्या अंगाला आतून तडा गेला होता, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“नाही होणार,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

बाई आता दुकान डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. त्यांनी तड्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. “बरं झालं, सांगितलंत. मग आता?”

“सामान चांगलं आहे. माझ्याकडे जुना सांगाडा पडलाय, त्यात बसवतो. चालवून दाखवीन, मगच न्या.”

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. ठिपके मोजले. बारा भरले. तरी त्या एकापाशी अडल्याच.

“हा लाल रंग माझा नाही. माझा विटकरी आहे.”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “बॉबिन केस झिजली होती. माझ्याकडची नवी घातली. तुम्ही घाबराल म्हणून बायकोची नेलपॉलिश…”

“अहो, मग सांगून घाला की! चांगलं करतानाही लपवाछपवी?” बाई रागावल्या, आणि रागावता रागावता हसू लागल्या.

त्याच दुपारी मिस्त्रींनी फळीवरच्या नऊ मशिनांच्या मालकांना फोन लावले आणि होणार नाही, असं खरं ते सांगितलं. दोघं भांडून गेले, एकजण आलाच नाही. बाकीच्यांनी आपापलं मशीन उचललं.

पुढे बाई सुया घ्यायला आल्या. त्यांनी डॉक्टर बदलला होता. “तासभर तपासलं. म्हणाले, सगळं बोलणं परत येणार नाही, पण रोज सराव केला तर थोडं येईल. ‘थोडं’ ऐकून इतकं हलकं वाटेल, असं वाटलं नव्हतं हो. काल आमचे हे ‘दार’ म्हणाले. आणि दार खरंच उघडं राहिलं होतं!”

मी आता खणात असतो. मिस्त्री मशीन उघडतात, बघतात आणि चिठ्ठीवर हातानं लिहितात : होईल, थोडं होईल, नाही होणार. पण माझा अजून त्यांच्यावर पुरता भरवसा नाही. गर्दी झाली की त्यांचा हात खणापाशी घुटमळतो. मी तोंड मिटून पडून राहतो.

माझी शाई वाळलीय, रबराला चिरा पडल्यात. फेकायचं तर खुशाल फेका. फक्त माझ्या दोन शब्दांना वाईट म्हणू नका. ते वाईट नव्हते हो, घाईनं बोलले गेले.