मागे न घेता आलेला अर्ज

माझ्या धाकट्या भावाला पकडलं ते त्याच्या सवयीमुळे. आमचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पिठाची गिरणी असो की दवाखाना, पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत आमच्या दुकानाचा पत्ता टाकायचा. गोदीतल्या हमालांनी संप केला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून गोदीच्या भिंतीवर एक ओळ लिहून घेतली : 'मुकादम नको, हक्काचं काम हवं.' त्यानं अक्षरांना सावलीसुद्धा दिली. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, हाताच्या सवयीनं आमचा पत्ता.

"चोरसुद्धा पत्ता ठेवून जात नाही हो!" माझ्या भावजयीनं कपाळाला हात लावला. पोलिसांना कोणाला विचारावंही लागलं नाही. सरळ दुकानात आले आणि त्याला घेऊन गेले.

तेव्हा सरकारच्या हातात एक कायदा होता. सुव्यवस्थेला धोका आहे असं वाटलं की कोणालाही उचलायचं, कारण सांगायचं नाही, न्यायाधीशापुढे न्यायचं नाही आणि वाटेल तितके दिवस डांबून ठेवायचं. भावजय एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी थेट सगळ्यात वरच्या कोर्टात अर्ज केला. कारण न सांगता माणसाला असं कोंडता येतं का, एवढाच त्यात प्रश्न होता.

सुनावणी तोंडावर आली आणि सरकारी वकिलाचा निरोप आला. अर्ज मागे घ्या, माणूस घरी घेऊन जा.

वकीलबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "ते घाबरलेत, वहिनी. निकाल विरुद्ध गेला तर कायदाच जाईल. याआधीही असंच केलंय त्यांनी. अर्ज कोर्टापुढे आला की तेवढा माणूस सोडायचा. मग प्रश्न तिथेच राहतो आणि बाकीचे आत."

"मग आम्ही काय करायचं?"

"मी वकील आहे. माणूस तुमचा आहे. त्यालाच विचारा."

तुरुंगात जाळीपलीकडे तो येऊन बसला. खोकत होता. नखांतला रंग पार निघून गेला होता. त्याचे इतके स्वच्छ हात मी त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिले. भावजयीनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे मी थांबलो तर इथले सगळे सुटतील?"

"सुटतील कदाचित. नक्की कोण सांगणार?"

त्यानं एकदा मागे, आतल्या कोठड्यांकडे वळून पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "ताई, हिला सांग, मला घरी ने म्हणावं. मला नाही जमत इथं."

"त्यात सांगायचं काय?" भावजय म्हणाली. "मी काय तुम्हाला इथं शोभेला ठेवणार आहे?"

तो हसला. हसता हसता त्याला ढास लागली.

आम्ही घर झाडून घेतलं, खिडकीजवळ त्याची खाट टाकली आणि कोर्टात गेलो. वकीलबाईंनी अर्ज मागे घ्यायची परवानगी मागितली. तीन न्यायाधीशांतले मधले वयस्कर होते, बोलणं मऊ. म्हणाले, हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. दर वेळी एक माणूस सोडून सरकार तो टाळत आलंय. या वेळी आम्ही टाळू देणार नाही. परवानगी नाही.

मागच्या बाकावरचे तरुण वकील खुशीत एकमेकांकडे बघायला लागले. भावजयीनं माझं मनगट धरलं. "वन्सं, म्हणजे आज सोडणार ना त्यांना?"

वकीलबाई पुन्हा उभ्या राहिल्या. निदान निकालापर्यंत तरी त्याला घरी जाऊ द्या, आजारी आहे, म्हणाल्या. त्याचा विचार निकालाबरोबरच करू, असं उत्तर आलं. न्यायाधीश दुष्ट नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. त्यांना समोर काहीतरी फार मोठं दिसत होतं, आणि आमचा खोकणारा माणूस त्याच्या आड गेला होता.

अर्ज मागे नाही, म्हणून सरकारनंही आपला शब्द फिरवला. सुनावणी लांबत गेली. थंडीच्या दिवसांत त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथेच तो गेला. निरोप घेऊन आलेला शिपाई उंबऱ्याबाहेरूनच बोलला आणि निघून गेला.

अर्जदाराचा माणूसच उरला नाही, आता अर्ज कसला, असं सरकारी वकील म्हणाला. कोर्टानं ऐकलं नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. कारण सांगितल्याशिवाय कोणाला कोंडता येणार नाही, आणि पकडलेल्याला लगेच न्यायाधीशापुढे न्यायला हवं. तो कायदा गेला. तुरुंगाचं दार उघडलं आणि माणसं घोळक्यानं बाहेर आली. निकाल माझ्या भावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. समोर आलेली सुटका नाकारून तो सगळ्यांसाठी झुंजला, असं वर्तमानपत्रात छापून आलं. आम्ही दोघी गप्प राहिलो.

मग एके दिवशी दुकानात एक सायकल दुरुस्त करणारा आला. निकालानं सुटलेल्यांपैकीच होता. टोपी हातात चुरगाळत दारात उभा राहिला.

"तुमच्या माणसामुळे घरी आलो, वहिनी. काळीज मोठं त्यांचं. सुटका दाराशी आली तरी हलले नाहीत."

भावजय पाटीला अस्तराचा रंग देत होती. तिनं ब्रश बाजूला ठेवला.

"हलले होते," ती म्हणाली. "त्यांना घरी यायचं होतं. आम्ही अर्ज मागे घ्यायला गेलो होतो. कोर्टानं घेऊ दिला नाही."

बाहेरच्या माणसापुढे ती हे पहिल्यांदाच बोलली. त्यानं चुरगाळलेली टोपी सरळ केली.

"आम्हा सगळ्यांनाच घरी यायचं होतं, वहिनी."

मी चहा ठेवला. तो प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

"चांगला माणूस आहे," भावजय म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण वन्सं, तो दारात उभा राहिला ना, तेव्हा माझ्या मनात आलं, हा का आला? ह्याच्याऐवजी..."

पुढचं तिनं गिळलं. अस्तर वाळायला लागलं होतं, म्हणून ब्रश उचलून ती पुन्हा कामाला लागली.