टी मैदानात आली

मी एक जुनी रबरी टी आहे. टी म्हणजे रग्बीचा लांबुडका चेंडू उभा करण्याची तळहाताएवढी बैठक. माझा रंग मुळात नारिंगी; आता मळून विटकरी झाला आहे. मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. कारखान्यात मला तापलेल्या साच्यातून उपसून काढलं, तेव्हाच माझ्या मनात आलं, आपल्यावरून चेंडू घसरला तर?

तो फारसा घसरला नाही. बारा वर्षं मी एका छोट्या देशाच्या संघाबरोबर हिंडले. आमचा चेंडू मारणारा पेशाने वायरमन. आठवडाभर लोकांच्या घरी तारा ओढायचा आणि सामन्याच्या दिवशी दोन खांबांमधून चेंडू पार करायचा. त्याची थोरली बहीण संघाची फिजिओ. तिला सगळे ताईच म्हणत, कप्तानसुद्धा, आणि कप्तान तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता! मला मैदानात नेण्याचं कामही ताईचंच. माझी कड झिजून खरखरीत झाली, की ती नखं कापायच्या कात्रीने हळूच सारखी करायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

त्या दोघांची एक खूण ठरली होती. समोरच्यांनी नियम मोडून आम्हाला पेनल्टी मिळाली आणि खांबांतून मारायचं ठरलं, की कप्तान खांबांकडे बोट दाखवणार. मग वायरमन डाव्या कानाला हात लावणार आणि ताई मला घेऊन धावणार. कानाची खूण ते दोघं आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक.

आता आमच्या स्पर्धेची रीत सांगते. वरच्या गटात सहा देश. त्यात जो शेवटी राहील, त्याने खालच्या गटातल्या पहिल्याशी एकच सामना खेळायचा. जिंकला तो वर, हरला तो खाली. एकदा खाली गेलं, की मोठे देश खेळायला बोलावत नाहीत आणि परत वर येता येता खेळाडूंची उमेद सरते. त्या वर्षी शेवटी आम्ही होतो.

तो सामना संपायला दोन मिनिटं उरली होती. ते एकवीस, आम्ही सतरा. तेवढ्यात आम्हाला पेनल्टी मिळाली, तीही खांबांच्या अगदी समोर! पण मित्रांनो, खांबांतून मारलं तर गुण तीनच मिळतात आणि आम्हाला हवे होते चार. चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, तर पाच. कप्तान पुढे बघून विचार करत होता. त्याने बोट उचललंच नव्हतं.

आणि वायरमनचा हात कानाला गेला. बारा वर्षांची सवय हो, दुसरं काय!

ताई धावली. मी तिच्या मुठीत ओरडत होते, "थांब गं, थांब!" पण रबराचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

पंच म्हणाले, "टी मैदानात आली. म्हणजे आता खांबांतूनच मारायचं."

"अहो, पण मी काही सांगितलंच नाही!" कप्तान कळवळून म्हणाला.

"नियम आहे. तुमच्याकडे एक मिनिट आहे."

वायरमनने चेंडू माझ्यावर ठेवला आणि मारला. चेंडू गेला बरोबर. एकवीस-वीस. उरलेला वेळ त्यांनी चेंडू पोटाशी धरून काढला आणि शिट्टी वाजली. आम्ही खाली गेलो.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना. प्रशिक्षक ताईसमोर येऊन उभे राहिले. "तुला कुणी सांगितलं होतं धावायला?"

ताईने एकदाच भावाकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी सोडत होता. सोडलेलीच नाडी पुन्हा सोडत होता.

"चूक झाली, सर," ताई म्हणाली.

सगळं खापर तिच्यावर फुटलं आणि तो मूग गिळून बसला. मला त्याची इतकी चीड आली!

त्याने मला घरी नेऊन अवजारांच्या पेटीत टाकलं. पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्ट्यांमध्ये मी आठ महिने पडून होते. रोज पेटी उघडायची, त्याचा हात चुकून मला लागायचा आणि झटका बसावा तसा मागे जायचा. रोज मला वाटायचं, आज हा बोलेल. छे!

काल खालच्या गटातला आमचा पहिला सामना होता. खोलीत ताई वायरमनच्या घोट्याला पट्टी बांधत होती. प्रशिक्षक म्हणाले, "आजपासून टी राखीव खेळाडू आणेल. मागच्यासारखा घोळ नको."

मी वायरमनच्या हातात होते. त्याने मला इतकं आवळलं, की माझा आकारच बदलला.

"सर, ताई आपणहून धावली नव्हती. खूण मी केली होती."

कप्तानाने विचारलं, "आणि आठ महिने काय करत होतास?"

तो ताईकडे वळला. "ताई, मी..."

"पाय हलवू नकोस," ती म्हणाली. तिने पट्टीचा शेवटचा वेढा दिला, टोक दाबून बसवलं. "मला ठाऊक होतं रे. वाटलं, बसमध्ये तरी सांगशील. मग वाटलं, घरी आल्यावर सांगशील. आईसमोर तरी."

त्याने मला तिच्यापुढे धरलं. ताईने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला; कड फार खरखरीत झाली होती. मग तिने मला राखीव खेळाडूच्या हातात दिलं.

"हाच आणू दे. माझे पायच उचलणार नाहीत आता."

आम्ही काल जिंकलो. पुढच्या वर्षी कदाचित वरही जाऊ. पण राखीव खेळाडू मला घेऊन धावला, तेव्हा वायरमन त्याच्याकडे बघत नव्हता. तो रेषेबाहेर बसलेल्या बहिणीकडे बघत होता.

मित्रांनो, मी रबराची. मला तोंड नाही, म्हणून त्या दिवशी मला गप्प राहावं लागलं. तुम्हाला तोंड आहे. तुमची चूक दुसऱ्या कुणी आपल्या अंगावर घेतली, तर घरी पोचायची वाट बघू नका हो. बुटाची नाडी सोडायच्या आधी बोला.