गरुडाच्या घरट्याखाली दोर धरताना

बंदराच्या टोकाला दिव्याचा मनोरा आहे. त्याच्या मधल्या कठड्यावर समुद्री गरुडांच्या जोडीचं घरटं आहे. घरटं आपलं म्हणायला. फांद्यांचा तो ढीग खाटेएवढा झालाय आणि दरवर्षी त्यावर नव्या काटक्या चढतात. खाली सापांची हाडं नि माशांचे काटे पडलेले असतात. गरुड देखणे, खोटं कशाला बोलू? डोकं, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, उडताना पंख ओंजळीसारखे वर उचललेले. पण त्या नख्या पाहिल्या की मी दोन पावलं मागे सरते.

त्या दिवशी दुपारी मनोऱ्याचा दिवा बंद पडला. आमचे हे बोटीवर गेलेले, आणि अंधार पडता पडता सगळ्या बोटी परतायच्या होत्या. माझी नणंद बंदरावर वायरमन. तिला सगळे ठिणगी म्हणतात, ते काही नुसतं कामामुळे नाही. तिचा दोर धरणारा जोडीदार तापाने आडवा पडला होता, म्हणून तिने मला जपावरून उठवलं. रोजचा जप दिवस मावळायच्या आत पुरा करायचा हा माझा नेम.

"वहिनी, देव जरा थांबेल, बोटी नाही थांबणार. चला."

मनोऱ्याखाली तिने कमरपट्टा आवळला. दोर वरच्या कप्पीवरून खाली आणला, लोखंडी खांबाला वेढा दिला आणि टोक माझ्या हातात ठेवलं.

"मी चढले की ओढून घ्यायचा, उतरले की सोडायचा. एक हिसका म्हणजे गरुड आला, आहे तिथेच थांब. लागोपाठ हिसके म्हणजे खाली ये. दिव्याभोवती जाळी आहे, आत शिरले की भीती नाही. भीती शिडीवर. आणि ओरडायचं नाही हं. घरट्यात पिल्लू आहे, उडता येत नाही त्याला. दचकलं तर खाली उडी टाकेल."

"आणि तू पडलीस तर?"

"मग ओरडा की खुशाल!"

गरुड समुद्रावर गेलेले पाहून ती चढली. घरट्याजवळून जाताना तपकिरी पिल्लाने चोच वासली. ती जाळीत शिरली तेव्हा कुठे मी श्वास सोडला, आणि ओठांवर आपसूक नाम आलं. भीती वाटली की मी दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने जाळीतून तिचे पाय बाहेर आले. दिवा तर लागला नव्हता! ही उतरते कशाला?

तेवढ्यात समुद्राकडून बदकासारखी घोगरी हाक आली. मादी परतत होती, पायांत वळवळणारा साप. मी एक हिसका दिला. ठिणगी थांबली नाही. पुन्हा दिला. ती उलट भराभर उतरायला लागली.

मादीने साप घरट्यात टाकला आणि पाय पुढे काढून सरळ तिच्यावर आली. ठिणगीने मान खाली घातली, पाय निसटला, आणि ती शिडीपासून सुटून दोरावर लोंबकळली.

तिचा सगळा भार माझ्या हातांवर आला. तळवे सोलले. मी खांबाला पाय लावून खाली बसले. तोंडाने नाम चालूच. आणि मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. एकेका नामासरशी तो दोर ओढत होता, माळेचा मणी ओढावा तसा. तेवढ्याने वर ठिणगी हेलकावत होती, शिडी तिच्या हाताला लागत नव्हती. म्हणजे मघापासून मीच तिला खाली ये, खाली ये म्हणत होते!

मी तोंड मिटलं. नाम आतल्या आतही घेतलं नाही. दोर लाकडासारखा ताठ झाला.

मादी वळसा घेऊन पुन्हा आली. पंखाचा वारा लागला की काय, ठिणगीचे केस उडाले. पण तिच्या हाताला शिडी लागली होती. जाळी जवळ म्हणून ती वरच सरकली, मी दोर ओढत गेले, एकदाही हिसका न देता. ती आत शिरल्यावर मादी घरट्यावर बसून पिल्लाला सापाचे तुकडे भरवू लागली.

आत अडकलेली ठिणगी काय करणार? तिने काम पुरं केलं. दिवस मावळताना दिवा लागला. बोटी एकेक करत आत आल्या. आमच्या ह्यांची ओळखीची शिट्टीही ऐकू आली. मी मान वळवली नाही.

मादी काटक्या आणायला उडाली तेव्हा ठिणगी उतरली. जमिनीला पाय लागताच मटकन बसली.

"वहिनी, ते एवढे हिसके कसले हो?"

"जप करत होते गं."

ती बघतच राहिली. "म्हणजे देवाचं नाव घेत घेत मलाच त्याच्याकडे पाठवायला निघाला होतात!"

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण बोटं दोरावरून सुटेनात. तिनेच ती एकेक करून सोडवली.