दादाचा लॅपटॉप

मी गाडी शिकवते. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर लोकांवर ओरडणं हाच माझा धंदा, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे हे मला कोणी सांगायला नको. पण त्या दुपारी मी घरात ज्या पट्टीत ओरडत होते ती ऐकली असती, तर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांनी गाडीचा नाद सोडून जन्मभर पायी फिरणं पसंत केलं असतं.

लॅपटॉपचं वायफाय लागत नव्हतं.

चार वाजता डॉक्टरबाई व्हिडिओवर येणार होत्या. आईशी बोलून त्या सांगणार होत्या, की आईने माझ्याकडे राहायचं, की दादाने शोधून ठेवलेल्या वृद्धनिवासात जायचं. "आईला विसर पडायला लागलाय," हे दादाचं पालुपद. तो दुसऱ्या शहरात राहतो, कधीमधी येतो आणि आल्या आल्या त्याला सगळं कळतं. मी म्हणत होते, काही विसर पडलेला नाही. भांडून भांडून दोघांचे घसे बसले, तेव्हा ठरलं की डॉक्टरबाई म्हणतील ते दोघांनीही मुकाट्याने मानायचं.

डॉक्टरबाईंचं आईशी पहिलं बोलणं माझ्या फोनवर झालं होतं, आणि तिथेच माती झाली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला बारीक काही दिसत नाही. फोनच्या कोपऱ्यात दादाचा चेहरा काडेपेटीएवढा. "हा कोण?" असं आईने विचारलं, आणि दादाने असा काही उसासा टाकला की डॉक्टरबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. पोटच्या मुलाला ओळखत नाही! अरे, मुंगीएवढा मुलगा दाखवल्यावर कुठली आई ओळखेल? मी ते तिथेच बोलले, पण माझ्या ओरडण्याला कोण पुरावा मानतंय. म्हणून आज मोठा पडदा हवा होता. आजचं बोलणं शेवटचं.

लॅपटॉपही दादाचाच. स्वतःसाठी नवा घेतला, तेव्हा जुना माझ्या गळ्यात मारला, आणि देताना त्यात लिनक्स घालून दिलं. मला विचारलं? छे! "आधीचं काढून टाकलं, चिमे. नुसता कचरा होता. हे बघ कसं पळतं." पळतं कसलं, आज ते जागेवरून हलत नव्हतं. जिथे एरवी पंख्यासारखी खूण दिसते, तिथे फुली. तिच्यावर टिचकी मारली की वायफायचं बटण पडद्यावर यायचं. ते चालू केलं की सरळ मागे घसरून बंद व्हायचं. उद्धटपणाची कमाल.

वायर जोडावी म्हटलं, तर नेट वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचं, आणि त्या कुलूप लावून बाहेर गेलेल्या. फोनचं नेट केबलने द्यावं, तर माझी केबल नुसती चार्जिंगची. शेवटी नाइलाजाने दादाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

आई समोरच्या खुर्चीत बसली होती. जेवण झाल्यापासून ती तयारच होती. केस नीट विंचरलेले, कपडे ठेवणीतले पण चुरगळलेले, कारण आमच्याकडे हल्ली इस्त्री होत नाही. हात मांडीवर, पाय जुळवलेले. शाळेच्या तपासणीला आलेल्या मुलीसारखी.

"रीस्टार्ट केलंस?" दादा म्हणाला.

"तीनदा."

"मग आता ती काळी खिडकी उघड. मी सांगतो तसं टाईप कर. डोकं चालवू नकोस."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. मी दात-ओठ खात एकेक अक्षर टाईप केलं. काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला. दादाने सांगितला, मी दाबला, तर पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना.

"दादा, काहीच उमटत नाहीये."

"उमटत नसतंच. तसंच असतं ते. टाईप करत जा."

"दिसतच नाही तर कळणार कसं?"

"विश्वास ठेव."

विश्वास ठेवला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. चुकीचा.

"मी तो बदलला होता बहुतेक," दादा म्हणाला. "थांब जरा, आठवू दे."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आठवू दे? विसरलास? स्वतः ठेवलेला पासवर्ड विसरलास? मग चार वाजता डॉक्टरबाईंसमोर तूच बस ना! तुझ्यासाठीही एखादी खोली बघून ठेवते!"

"चिमे, ही वेळ आहे का?"

"हळू गं," आई म्हणाली. "तो ऑफिसात असेल."

चौथ्या प्रयत्नाला पासवर्ड लागला. मग त्याने मला काय काय टाईप करायला लावलं! वायफायचं कार्ड दिसतंय का बघ. दिसत होतं. त्याचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढव. ड्रायव्हर म्हटल्यावर मला वाटलं, चला, आपल्या ओळखीचं काहीतरी आलं; पण हा ड्रायव्हर चढला काय आणि उतरला काय, गाडी होती तिथेच. घड्याळ मात्र पळत होतं. साडेतीन होऊन गेले होते. उशीर झाला तर दादा म्हणणार, बघा, हिला साधा एक फोन जोडता येत नाही, ही आईला काय सांभाळणार. तो हे म्हणणार हे मला ठाऊक होतं, कारण मागच्या वेळी तो हेच म्हणाला होता.

"आता शेवटचं," तो म्हणाला, आणि आणखी एक ओळ टाईप करायला लावली. "काय आलं ते वाच."

"वायरलेस लॅन. सॉफ्ट ब्लॉक्ड: नो. हार्ड ब्लॉक्ड: येस."

"हार्ड, येस?"

"येस म्हणजे येस. मला वाचता येतं."

"मग गेलं ते," दादा म्हणाला. "सॉफ्ट असतं तर मी कमांड देऊन उघडलं असतं. हार्ड म्हणजे मशीनच्या पातळीवरच बंद. कार्ड जळलं असणार. त्याच्यावर चहाबिहा सांडलास का?"

मी हातातला फोन खाली ठेवला, नाहीतर तो भिंतीवर गेला असता. स्वतःची अडगळ दुसऱ्याच्या घरात टाकायची, ती बंद पडली की म्हणे चहा सांडलास! आणि हाच माणूस आईने कुठे राहायचं ते ठरवणार!

पण ओरडता ओरडता माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळू लागलं. नवखा माणूस गाडी चालू करतो, गिअर टाकतो, क्लच सोडतो, इंजिन गुरगुरतं आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा मी इंजिन जळलं असं म्हणत नाही. मी पहिल्यांदा खाली बघते.

"दादा, याला हँडब्रेक कुठे आहे?"

"काय?"

"आतून सगळं ठीक आहे आणि बाहेरून कोणीतरी ओढून धरलंय, असंच लिहिलंय ना? मग ते ओढायचं कुठे असतं?"

"हँडब्रेक वगैरे काही नसतो गं. कॉम्प्युटर आहे तो. मी कित्येक वर्षं वापरलाय, मला माहीत नसेल?"

"पुढच्या कडेला बघ," आई म्हणाली.

मी मान वर केली. ती खुर्चीतून जराशी पुढे झुकली होती.

"पुढच्या कडेला, तुझ्या मनगटाखाली. नखाएवढं बटण आहे, आडवं सरकणारं. शेजारी बारीक दिवा जळत असतो. सकाळी मी बंद केलं."

मी लॅपटॉप उचलून आडवा धरला. नखाएवढं, काळ्यावर काळं, कोणाला सांगूनही दिसलं नसतं असं बटण. सरकवलं. शेजारचा दिवा लागला, आणि पडद्यावर वायफायची नावं भराभर खाली उतरली. पहिलंच घरमालकीणबाईंचं.

"लागलं," मी म्हणाले.

"अरे हो," फोनमधून आवाज आला. "होतं खरं तसलं बटण. साफ विसरलो मी."

दुसऱ्यांदा! एका दुपारात दुसऱ्यांदा विसरला, आणि तरी तो ऑफिसात आणि आई तपासणीला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला पुन्हा कंठ फुटला.

"पण बघितलंस ना, चिमे? ही कशालाही हात लावते. कळत नाही आणि फिरवत बसते. आज हे बटण, उद्या काहीतरी भलतंच. मी डॉक्टरांना हे सांगणार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता. आपण मदत केली की गुन्हा केला, हेच तिला कळेना. मी दादाला जे सुनावणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ते सुनावताही आलं नाही, कारण लॅपटॉपवर घंटी वाजायला लागली. चार वाजले होते.

पडद्याच्या एका अर्ध्या भागात डॉक्टरबाई आल्या, दुसऱ्यात दादा. आज तो चांगला ताटलीएवढा दिसत होता.

"केस फार बारीक कापलेस रे," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

दादाने वेळ दवडला नाही. आज काय झालं ते त्याने अगदी काळजीच्या सुरात सांगितलं: आईने न कळता बटण फिरवलं, दीड तास गेला, बहिणीची त्रेधा उडाली. पासवर्डचं नाव नाही. आधीची इस्त्रीची गोष्टही त्याने पुन्हा काढली. तो आला होता तेव्हा आई इस्त्री चालूच ठेवून उठून गेली आणि टेबल जळलं. जळलं ते खरं. तो काळा डाग अजून आहे. पण इस्त्री याच्याच शर्टाला चालली होती, आणि "आई, लवकर ये, फोटो दाखवतो" म्हणून हाक यानेच मारली होती, हे आईने मला सांगितलं होतं. मी हे म्हणायला पुढे सरकले, तर डॉक्टरबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "आज सकाळपासून काय काय केलंत, मला सांगाल?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग सांगायला लागली. "उठले, तोंड धुतलं. ही गाडी शिकवायला गेली, तेव्हा दार लावलं. मग गॅसचं बटण बघितलं, आणि मागची मोठी चावी. न्हाणीघरातला गिझर बंद केला, ही रोज विसरते. मग दिवे, पंखा, टीव्हीचं खालचं बटण. इस्त्रीचं बटण. फ्रिज बंद नाही केला, दूध नासतं. हिच्या फोनचा चार्जर काढला. मग याचं."

तिने लॅपटॉपच्या कडेला बोट लावलं.

"याच्यावर एवढासा दिवा जळत होता. झाकण मिटलं तरी जळतो. रोज वाटायचं, हे राहिलं. आज बोटांनी चाचपून सापडलं बटण."

"हे रोज करता?"

"रोज. दुपारी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा बघते पुन्हा."

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, गिझर मीच बंद करून जाते.

"का करता, आजी?"

पडद्यावरच्या दादाकडे आईने असं बघितलं, की मला तिच्या खुर्चीजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी जाऊन उभी राहिले.

"तो म्हणाला होता," ती हळूच म्हणाली. "इस्त्रीने टेबल जळलं तेव्हा. ही घरी नव्हती. म्हणाला, परत एक बटण जरी चालू राहिलं ना, तर तुला तिकडे नेऊन ठेवीन."

आईला वाटलं, आपलं सांगून पुरं झालेलं नाही. "एकही राहू दिलं नाही मी," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "तुम्ही हिला विचारा."

"आई, मी तेव्हा रागात होतो..." दादा म्हणाला.

"रागात मी असते!" मी इतक्या जोरात ओरडले की आई दचकली. "मी उठता बसता रागात असते! पण मी आईला घराबाहेर काढायची धमकी देत नाही!"

"ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी थांबले. त्यांनी चष्मा काढला. "मला जे विचारायचं होतं ते झालं. आजींना विसर पडलेला नाही. धाक बसलाय. त्या जिथे आहेत तिथेच राहतील. तुम्ही दोघांनी मानायचं ठरवलंय ना?"

दादाने मान हलवली.

डॉक्टरबाई गेल्या आणि दादा एकटाच सगळा पडदाभर झाला. मी जिंकले होते. पण इतके दिवस घरात ती हे करत फिरत होती, आणि मी तिच्यासाठी भांडत होते, ते भलत्याच गोष्टीवरून.

"झालं ना?" आईने विचारलं. तिचं बोट कडेच्या त्या बटणावर होतं. "बंद करू?"

"चिमे, तिला सांग..." दादा म्हणाला.

"तूच सांग. धाक तू घातलास, आता तूच काढ."

तो म्हणाला, "आई, राहू दे चालू. काही होत नाही. सगळं राहू दे चालू."

आईने बोट काढलं. त्याला म्हणाली, "बरं." मग खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि इस्त्रीचं बटण बघायला आतल्या खोलीत गेली. टेबल जळलं त्याच दिवशी दादाने इस्त्री माळ्यावर टाकली होती, ती अजून तिथेच आहे.