फ्लेक्सवरची क्रांती

विश्वजितच्या जिमनं क्रांती चौगुलेचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावला, तेव्हा तिचं वजन ब्याण्णव किलो होतं. जिममध्ये नाव घातलं त्या दिवशी 'रेकॉर्डसाठी' म्हणून काढलेला, घट्ट कपड्यांतला फोटो. डोळ्यांवर काळी पट्टी आणि खाली मजकूर, 'तुम्हीही अशाच दिसता? आजच या.' गडमुडशिंगीत तिला ओळखायला पट्टी आड आली नाही. हातकणंगल्याच्या स्थळानं आठवड्याच्या आत निरोप धाडला, "पोरगी चांगली हाय, पर आमाला नको."

ती जाब विचारायला गेली, तर विश्वजित खुर्चीतून उठलाही नाही.

"मॅडम, फ्लेक्सवर नाव टाकलंय का तुमचं? न्हाय न्हवं? मग फुकटात एवढी प्रसिद्धी कोण देतंय?"

भोवतीची पोरं फिसकन हसली. क्रांती एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. त्या दिवशी ती कामावर गेलीच नाही.

पोलिसांत जा, असं मैत्रिणी म्हणाल्या. तिचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. विश्वजितचा सगळा बोलबाला मोनामुळं होता. मोना त्याची शिष्या, जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत महिला गटात पहिली आलेली. तिला बघूनच बायका त्याच्याकडं नाव घालायच्या. क्रांतीनं ठरवलं, या मोनाला स्टेजवर हरवायचं आणि ते विश्वजितनं पहिल्या रांगेत बसून बघायचं.

उचगावात शिरोळकडचे चन्नाप्पा मास्तर पत्र्याच्या शेडमध्ये जिम चालवायचे. ती तिथं गेली.

"कशाला करायचंय हे?" मास्तरांनी विचारलं.

"एका माणसाला रडवायचंय."

"रागावर सा म्हैनं निघत्यात, तंगी. म्होरं?" तंगी म्हणजे त्यांच्या कानडीत धाकटी बहीण.

"माझा राग लई हाय," ती म्हणाली.

तो दोन वर्षं पुरला. तिची आई शालूबाई म्हशींची धार काढायला उठायची, तेव्हा पोरगी शेडवर पोचलेली असायची. मास्तर स्वतः अंड्यालाही न शिवणारे, पण तिनं कोंबडी किती ग्रॅम खायची हे तेच ठरवायचे. शेवटी मीठ बंद झालं. घरात तांबड्या रश्श्याचा वास सुटला की ती गोठ्यात जाऊन बसायची. वजन उचलताना शेवटचे दोन दम निघेनासे झाले की ती विश्वजितला आठवायची. मग ते निघायचे.

"सूड कुणावर उगवायलीस गं?" शालूबाई म्हणाली. "सगळा तुझ्याच जिवाव चाललाय."

स्पर्धेचा पोशाख आला, तेव्हा शालूबाईनं तो चिमटीत धरून विचारलं, "एवढाच?"

"एवढाच."

शालूबाई तो खाटेवर टाकून गोठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनंच त्याच्या पट्ट्यांना दोन जादा टाके घातले.

स्पर्धेच्या दुपारी स्टेजमागच्या खोलीत क्रांती अंगाला तपकिरी रंग लावून उभी होती. शेजारी मोना. तिचे ओठ चिरले होते आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. विश्वजित आत डोकावला, "अजून एक घे, पाणी उतरंल," असं म्हणून गेला. मोनानं पर्समधनं गोळी काढून तोंडात टाकली. पाच-सात मिनिटांत ती भिंतीवरनं घसरत खाली बसली आणि आडवी झाली. पर्समधलं पाकीट फरशीवर पडलं.

क्रांतीनं नाव वाचलं. स्नायू उठून दिसावेत म्हणून लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या. दहापैकी सात गायब होत्या. तिनं आधी ते पाकीट मुठीत घेतलं. मग मोनाचं डोकं मांडीवर घेतलं, तशी मोनानं तिचा दंड धरला. मनगट धरलं तर ठोके मधेच सुटत होते.

"गाडी बोलवा," ती ओरडली.

विश्वजित धावत आला. त्याची नजर आधी फरशीवर फिरली.

"हे शोधतोयस?" क्रांतीनं मूठ दाखवली.

"दे इकडं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"असल्या गोळ्या खाणाऱ्यांचं रक्त रोज येतंय माझ्याकडं."

ती अनवाणी, तशीच रंगलेली पंचांच्या टेबलापर्यंत गेली आणि पाकीट ठेवून, माईकवर आवाज जाईल अशा बेतानं बोलली, "या गोळ्या विश्वजितनं मोनाला दिल्यात. ती आत बेशुद्ध पडलीया." पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मागोमाग आलेला विश्वजित हसायला गेला, पण त्याच्या ओठांना ते जमलं नाही. ते बघताना तिला इतकं बरं वाटलं, की तेवढं दोन वर्षांत भाकरीनंसुद्धा वाटलं नव्हतं.

मोनाला दवाखान्यात नेल्यावर क्रांतीच्या गटाचा पुकारा झाला. दंडावरचा रंग मोनाच्या बोटांनी पुसला होता. तिसरा नंबर आला. मास्तर एवढंच म्हणाले, "रंग राहिला असता तर दुसरा व्हता."

संघटनेनं चौकशी करून विश्वजितला स्पर्धांतनं बाद केलं. मोनानंच जबाब दिला. महिन्याभरात त्याच्या जिमच्या दारात एकदोनच गाड्या दिसू लागल्या. येता-जाता क्रांती मुद्दाम गाडी हळू करून त्या मोजायची.

मोना शुद्धीवर आली, त्या दिवशी क्रांती तिला भेटायला गेली होती. सलाईन लावलेला हात चादरीवर ठेवून मोनानं विचारलं,

"नर्स म्हणाली, तू जीव वाचवलास. पर मला अंधुक दिसत हुतं. तू आधी गोळ्या उचलल्यास न्हवं?"

"व्हय," क्रांती म्हणाली.

मोनानं तोंड भिंतीकडं फिरवलं. क्रांती तिथंच बसून राहिली. जेवण आलं, तेव्हा तिनं ताट पुढं ओढून पहिला घास कालवला आणि मोनाच्या तोंडापुढं धरला. मोनानं तो खाल्ला, पण तिच्याकडं बघितलं नाही.