भरती आहे

दिवाळीनंतर आलेल्या शारदाच्या पत्राला गोपीनाथांनी उत्तर दिले नव्हते, आणि आता श्रावण अर्धा सरला होता. उत्तर लिहायला ते बसले नाहीत असे नाही. बसत, 'चि. शारदा, अनेक आशीर्वाद' एवढे लिहीत आणि अक्षर नीट आले नाही म्हणून कागद फाडून टाकत. दोष अक्षराचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते.

शारदा त्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन इंदूरहून गेली ती थेट अर्नाळ्याला, विरारच्या पुढे, समुद्राकाठी. नवरा तिथल्या शाळेत मास्तर; तो जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. कानांनी कमी ऐकू यायला लागल्यापासून ती फोनवर बोलत नसे, पत्रे लिही. त्या पत्रात तिने लिहिले होते, 'दादा, अंगणातले दोन्ही माड गेले. समुद्र आता मोरीमागच्या भिंतीला लागला आहे. विहीर खारट झाली. शेजारची पोरे विरारला, कुणी वसईला ब्लॉक घेऊन गेली. रविवारी मुंबईची माणसे गाड्या घेऊन येतात, मासे खातात, वाळूत बसतात आणि अंधार पडायच्या आत जातात. सोमवारी उरतो मी आणि शेजारची कस्तुरी. मी तिकडे येऊन राहू का? अडचण असेल तर तसे लिही, मला राग येणार नाही.'

अडचण आहे की नाही, हे गोपीनाथांनी घरात कुणाला विचारलेच नाही. इंदूरच्या राजेंद्र नगरातले घर यशवर्धनने, त्यांच्या मुलाने, घेतलेले. सून स्वानंदी कॉलेजात शिकवून दमून येई. त्यांना कशाला संकटात टाका, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

राखीचे पाकीट आले. दरवर्षी आत चार ओळी असत. यंदा नुसती राखी होती. पौर्णिमेला सकाळी त्यांनी ती स्वतःच कशीबशी बांधून घेतली. राखी पोचल्याचे कळवायला स्वानंदीने कस्तुरीला फोन लावला, आणि लगेच धावत त्यांच्या खोलीत आली.

"बाबा, आत्या भरती आहेत!"

"काय झालं तिला?"

"काही पूछूच दिलं नाही हो त्या बाईंनी. बोलल्या, ताई आत्ता नाही येऊ शकत, भरती आहे. आणि फोन कट! मागे केवढा गोंधळ चालला होता."

यशवर्धन पलासियाच्या ऑफिसला निघाला होता. मोजे घालता घालता तो थांबला. "कोणच्या हॉस्पिटलमध्ये?"

"तेच तर नाही सांगितलं ना!"

"मी छुट्टी टाकतो. तिकीट बघतो. बाबा, टेन्शन नका घेऊ, आणू त्यांना इकडेच. तिकडे एकट्या बाईला कोण बघणार?"

"मी पण तेच म्हणते," स्वानंदी म्हणाली. "बाबांच्या खोलीत दुसरा पलंग लागून जाईल. पुस्तकांची कपाटं तेवढी काढावी लागतील."

गोपीनाथ चटकन कपाटांकडे वळून पाहू लागले. काळजी शारदाची नव्हती, कपाटांची होती. ज्या नकाराला ते इतके महिने भीत होते, तो मुलाच्या तोंडी नव्हता, सुनेच्याही नव्हता. तो या खोलीतच, दोन कपाटांच्या मधे, खुर्ची टाकून वाचत बसला होता.

दुपारी एकदाचा कस्तुरीचा फोन लागला, तो स्वानंदीने स्पीकरवर टाकला.

"आत्या कोणत्या दवाखान्यात आहेत?" स्वानंदीने विचारले.

"दवाखान्यात? कशाला? हितं माझ्या ओट्यावर बसल्यात, चा पितात."

"तुम्हीच बोलल्या ना, भरती आहे!"

पलीकडे कस्तुरी हसत सुटली. "अगो बाय, समुद्राला भरती! आज नारळी पुनव नाय का? पाणी पार चुलीपर्यंत आलं. ताईंची भांडीकुंडी काढत होतो आम्ही."

यशवर्धनही हसला. "तू तर जानच काढली होती, यार!"

"मला काय माहीत? आपल्याकडे भरती म्हणजे भरती!"

"आणि बाबा, तुम्ही एवढे वाचता, तुम्हालाही नाही कळलं?"

गोपीनाथ ओशाळून हसले. पौर्णिमा, समुद्र, भरती. शाळकरी पोरालाही कळले असते. पण इंदुरात जन्म काढलेल्या त्यांच्या कानाला भरती म्हणजे दवाखानाच होता.

तिकीट रद्द झाले. जेवताना नारळीभाताचे कौतुक झाले, पलंगाचे नाव कुणी काढले नाही. पाणी चुलीपर्यंत आल्याचे तिघांनीही ऐकले होते, पण त्याला दवाखान्याचे वजन नव्हते. आपल्यालाही हायसे वाटले, हे गोपीनाथांना लपवता येईना.

"तिच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलंय," ते हळूच म्हणाले.

"उतरून जातं ना बाबा ते. भात घ्या अजून."

दुसऱ्या दिवशी ते लिहायला बसले. अक्षर वाईटच आले, पण कागद फाडला नाही. 'तू ये. माझ्या खोलीत राहायचे आहे. कुणाबरोबर राहायची मला सवय उरलेली नाही. मी चिडेन, तुला ऐकू आले नाही असे समज. उशीर झाला आहे. तरी ये.'

दाराशी चपला घालताना त्यांनी स्वानंदीला सांगितले, "शारदाला ये म्हणून लिहिलंय. कपाटं कुणी नेत असेल तर बघ."

ती गडबडली. "बाबा, एकदा यशला पूछून तर घ्या."

"काल तुम्हीच म्हणालात."

"ते तर आम्हाला वाटलं होतं की..."

"हो," गोपीनाथ म्हणाले. एरवी अशा वेळी ते मागे फिरत. आज ते जिना उतरले.

पोस्टाच्या पेटीपाशी ते जरा वेळ उभे राहिले. शारदा आता येईल का, आली तर या घरात तिचे कसे होईल, आपल्याला तिचे दोन दिवसांत ओझे होईल का, यातले काहीच त्यांना ठाऊक नव्हते. मागे खोळंबलेले कुणी तरी "चलो अंकलजी" म्हणाले. त्यांनी पत्र आत टाकले आणि फटीत बोटे घालून चाचपून पाहिले. पत्र हाताला लागले नाही.