झिवकोच्या चिठ्ठीवरचे एकोणीस ठिपके

मित्रांनो, मला जुना म्हटलेले चालते. मी एक पांढरा फळा आहे, प्लोवदिव शहरातल्या एका संगणक कंपनीतला, आजवर बहुतेक तिसऱ्याच मजल्यावर राहिलेला. पत्र्यावर पांढऱ्या मुलाम्याचे थर देऊन, भट्टीत भाजून मला घडवले. म्हणून चौदा वर्षांत असंख्य वेळा पुसला जाऊनही मी चकचकीत आहे, आणि याचा मला अभिमान आहे.

सुरुवातीला माझ्यावर फक्त इथल्या प्रमुखांचा, कालोयानसाहेबांचा हात फिरे. ते लाल शाईने काम संपवायच्या तारखा लिहून निघून जात. तारखा उलटत, साहेब नव्या लिहीत. मान वर करून माझ्याकडे कोणी बघत नसे.

तेव्हा इथली पाच माणसे रुग्णवाहिकांसाठी एक प्रणाली तयार करत होती. रुग्ण किती मिनिटांत पोहोचेल आणि त्याला काय झाले आहे, हे इस्पितळाला आधीच कळावे, एवढे तिचे काम. वर्ष सरत आले, तरी ती एकाही गाडीत बसली नव्हती. मग कंपनीने रुमियानाताईंना बोलावले. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शांत बाई. लोकांना एकत्र काम करायला शिकवणे हाच त्यांचा पेशा. त्यांनी साहेबांच्या तारखा पुसल्या आणि माझ्यावर तीन रकाने आखले: करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी. रोज सकाळी सगळ्यांनी माझ्यासमोर पंधरा मिनिटे उभे राहायचे आणि आपली चिठ्ठी आपल्या हाताने सरकवायची.

खरे सांगतो, पहिले काही आठवडे त्या चिठ्ठ्या खोटे बोलत होत्या. झिवको त्यांच्यातला सर्वांत हुशार. नकाशाचे काम त्याच्याकडे होते. झालेच आहे, उद्या देतो, असे तो रोज म्हणे. ताई रागावत नसत. त्याच्या चिठ्ठीवर एक बारीक ठिपका देत आणि पुढच्याकडे वळत. एकोणीस ठिपके झाले, त्या सकाळी देनित्सा बोलली. ती सगळ्यांचे काम तपासून चुका शोधायची, पण चारचौघांत तोंड उघडत नसे.

"झिवको, अडलंय का तुझं?"

झिवकोने मान डोलावली. "अडलंय. नकाशाचा जुना भाग कसा चालतो तेच कळत नाहीये मला. सांगायची लाज वाटली."

देनित्सा त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघांनी मिळून तीन दिवसांत ते काम सोडवले.

मग ताईंनी रुग्णवाहिकेत रुग्णाजवळ बसणाऱ्या गेंचोभाऊंना बोलावले. त्यांनी रबरी हातमोजे घातले आणि प्रणालीच्या पडद्यावर बोट टेकवले. एका वेळी तीन बटणे दाबली गेली.

"पोरांनो," ते म्हणाले, "हे दाबायला मी बरोबर सुई ठेवू का?"

सगळे हसले. त्याच दुपारी माझ्यावर नवी चिठ्ठी लागली: एकच मोठे बटण.

कालोयानसाहेब मात्र तापले. महिनाअखेरपर्यंत बारा सोयी देण्याचे त्यांनी इस्पितळाला कबूल केले होते. सगळ्या 'झाले'मध्ये टाका, राहिलेले मागाहून बघू, असे म्हणत त्यांनी स्वतःच चिठ्ठ्या उचलल्या. रुमियानाताई माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, उद्या त्या गाडीत माणूस असणार आहे. बारा अर्धवट नको. एकच द्या, पण चालणारी द्या."

साहेबांनी चिठ्ठ्या होत्या तिथे परत लावल्या. इस्पितळात जाऊन खरे काय ते सांगायला ते स्वतः गेले.

महिनाअखेर, दाबताच इस्पितळाला कळवणारे ते एक बटण गाडीत बसले. पहिल्याच आठवड्यात छातीत कळ आलेल्या एका बाईंना घेऊन गाडी पोहोचली, तेव्हा डॉक्टर दारात तयार उभे होते. बाई वाचल्या. गेंचोभाऊ घरी भाजलेली, चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आले आणि माझ्यासमोरच सगळ्यांनी ती खाल्ली. उरलेल्या सोयी मग एकेक करून झाल्या. त्यांतल्या चार मात्र गाळल्या; त्या कोणालाच नको होत्या.

ताई हळूहळू मागे सरकत गेल्या. एका सकाळी त्या आल्याच नाहीत, आणि सगळे ठरल्या वेळी माझ्यासमोर उभे राहिले. ताईंना हेच हवे होते.

पुढे चिठ्ठ्या दाखवायला भिंतीवर संगणकाचा मोठा पडदा आला. मला दारामागे टेकवले आणि माझ्या चौकटीवर हिवाळ्यातले कोट लटकू लागले. दोन वर्षे मी अंधारात काढली. मला वाईट वाटले, पण माझा मुलामा शाबूत होता. मी वाट बघितली.

गेल्या महिन्यात देनित्साने ते कोट काढले. आता तीच नव्या संघांना शिकवते. तिने मला चौथ्या मजल्यावर अनोळखी माणसांसमोर टांगले आणि पहिली चिठ्ठी स्वतःची लावली: 'तुमचे काम मला अजून कळलेले नाही. समजावून सांगा.' समोरचे सात जण एकमेकांकडे बघू लागले. मग एकाने पेन उचलले.

मित्रांनो, मला मऊ, कोरड्या फडक्याने पुसा, म्हणजे मी आणखी चौदा वर्षे सहज टिकेन. आणि माझ्यावर कोणी खरे लिहिले, तर त्याला हसू नका. माझ्यावरची शाई पुसता येते. ते हसणे पुसता येत नाही.